आजीचा आवाज, कूलरची घरघर आणि सोलापुरी चादर

वाचकांचे प्रश्न : घरचा कंप्युटर

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहून गेलो की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज कंप्युटरवर साठवून ठेवा, आणि त्या एका ओळीनं माझी दुपारची झोप उडवली. पत्रं आली, मेसेज आले, तिघांनी तर प्रश्नच व्हॉइस नोट करून पाठवले (त्यातल्या एकाच्या मागं इतकी गाडी वाजत होती की प्रश्न तीनदा ऐकावा लागला). सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच घातलेली नाहीत.

प्रश्न : काका, मी जुळे सोलापुरात राहते. आजी ८४ वर्षांची आहे, जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ आहेत तिला. लॅपटॉपवर रेकॉर्ड करून बघितलं तर आजी विहिरीतनं बोलल्यासारखी येतीय आणि मागं फॅनची घरघर. फॅन बंद केला की पाच मिनिटांत आजी उठून जाते, मे महिना चाललाय, तिचं तरी काय चुकलं. भाऊ म्हणतो आठ-दहा हजाराचा माइक घेऊ म्हणजे आकाशवाणीसारखा आवाज येईल. घेऊ का? – एक नात

घेऊ नका. निदान आत्ता तरी नका.

विहिरीतला आवाज माइकमुळं येत नाही, खोलीमुळं येतो. खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूला ऑइल पेंट मारलेल्या भिंती. आजीचा आवाज एकदा सरळ माइकमध्ये जातो आणि मग भिंतींना आपटून आपटून परत येत राहतो, तो सगळा काला म्हणजे तुमची विहीर. महागडा माइक आणला तर तो त्याच खोलीतला काला अजून बारकाईनं टिपणार, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्टीसकट.

पहिलं काम अंतराचं. लॅपटॉप टेबलावर आणि आजी पलंगावर, म्हणजे मधे दोन हात तरी अंतर आलं, आणि लॅपटॉपचा माइक म्हणजे टाचणीएवढं भोक. माइक आजीच्या तोंडापासून एका वितेवर आणा. हिशोब असाय की अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) वाढतो, फॅनचा मात्र होता तेवढाच राहतो. दोन हातावरून एका वितेवर येताना अंतर दोनदा निम्मं होतं म्हणजे १२ डेसिबल फुकटात मिळाले. एवढा फरक दहा हजाराच्या माइकनं पण पडत नाही. त्यासाठी साधा यूएसबीचा माइक किंवा वायरवाला कॉलर माइक पुरतो, नवी पेठेत कुठल्याही कंप्युटरच्या दुकानात मिळून जाईल. कॉलर माइक पदराला लावणार असाल तर पदर हलला की खरखर येते, म्हणून काठावर घट्ट लावा आणि आजीला हात मांडीवर ठेवायला सांगा. बांगड्या! काचेच्या बांगड्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये असा घुसतो की नंतर काढता येत नाही. हां, पण ओव्या म्हणताना आजी हात फिरवत असेल, जातं ओढल्यासारखा, तर ते थांबवू नका, बांगड्यांसकट घ्या. मला स्वतःला तशी ओवी जास्त आवडेल.

दुसरं काम चादरीचं. सोलापुरातल्या घरात आहेरात आलेल्या चादरी कपाटात नाहीत असं होत नाही. जाड सुती विणीच्या दोन चादरी काढा, एक आजीच्या पाठीमागं दोरीवर टाका, एक माइकच्या मागच्या बाजूला, भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं मोकळी सोडून. खाली सतरंजी अंथरा. गाद्यांची चळत असलेली खोली असेल तर तीच धरा. आवाज कापडात मुरतो, परत येत नाही. स्पंजचे काळे चौकोन लावायचं जे फॅड निघालंय ना, घरच्या घरी आजीच्या गप्पांना त्याची काही गरज नाही.

फॅनचं म्हणाल तर त्यात दोन त्रास आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक फॅनचा आवाज, दुसरं फॅनचा वारा, जो माइकच्या जाळीवर आदळून भसभस करतो. वाऱ्याला माइकवरची स्पंजची टोपी चालते, आवाजाला ती काही करत नाही. मी काय करायचो सांगतो, पहाटे साडेपाच-सहाला बसायचं, तेव्हा गल्ली पण झोपलेली असते, आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करून घ्यायची, मग सगळं बंद करून दहा मिनिटं रेकॉर्डिंग, की परत कूलर, की चहा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे झाले तर झाले. एका बैठकीत सगळ्या ओव्या उरकायच्या हट्टानं आजी पण वैतागते आणि आपण पण.

टेस्टिंगला हॅलो हॅलो वन टू थ्री म्हणू नका. आपल्या भाषेत फ, भ, ख, थ असली हवा फेकणारी अक्षरं ढीगभर, खरी परीक्षा तिथंच होते. आजीला म्हणायला लावा, ‘पंढरपूरच्या फुफाट्यात भाकरी भाजली.’ फ आणि भ ला धप् धप् वाजलं तर माइक तोंडासमोरून जरा बाजूला, गालाच्या रेषेत घ्या. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये आवाज दाखवणारी पट्टी असते, ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे नाचली पाहिजे. शून्याला जाऊन लाल झाली की आवाज फाटला आणि फाटलेलं परत शिवता येत नाही. कमी आलेलं नंतर वाढवता येतं, म्हणून जरा खालीच ठेवा, आजी रंगात आली की आवाज चढतोच.

प्रश्न : अशोक चौकाजवळ घर आहे, शेजारी यंत्रमाग. खटक खटक दिवसभर. आमची आज्जी तेलुगूत बतुकम्माची (आमचा फुलांचा सण) गाणी म्हणते ती घ्यायची होती. चादरी लावून झाल्या, माग ऐकू यायचा तो येतोच. ऑडॅसिटीमध्ये नॉइज काढायचं बटण मारलं तर माग गेला पण आज्जी पाण्याखालनं बोलायली असं वाटतंय. काय चुकलं मालक?

चुकलं काही नाही, चादरीकडून जास्तीची अपेक्षा केली एवढंच. चादर खोलीतला घुमणारा आवाज पिते, बाहेरचा आवाज अडवत नाही. मागाचा दणका तर भिंतीतनं आणि जमिनीतनं येतो, त्याला वजनदार भिंत लागते, कापड नाही.

आता ते बटण. ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करायचा फुकट मिळणारा प्रोग्राम, २००० सालापासून आहे, आणि त्यातलं नॉइज रिडक्शन कसं चालतं ते एकदा समजून घ्या म्हणजे भांडण मिटेल. तुम्ही त्याला नुसत्या घरघरीचा तुकडा दाखवता, तो त्या घरघरीची ओळख पाठ करतो आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमधनं तसलं दिसेल ते दाबत जातो. म्हणून फॅन, कूलर, ट्यूबलाइटची गुणगुण असला एकसारखा आवाज त्याला चांगला जमतो. मागाचा ठोका, हॉर्न, कुत्रं, हे सतत बदलणारं, त्याला ते पकडता येत नाही, मग आपण सेटिंग वाढवतो आणि त्या नादात आज्जीचा आवाज पण दाबला जातो, तेच तुमचं पाण्याखालचं बोलणं. पहिली पट्टी १२ वर असेल तर ती ६ ते ९ वर आणा. थोडी घरघर राहिली तर राहू द्या. त्याआधी हाय पास फिल्टर (खालचा जाड आवाज अडवणारी चाळणी) ८० हर्ट्झवर लावून बघा, मागाच्या दणक्यातला खालचा धबधबा बराच जातो आणि आज्जीच्या आवाजाला धक्का लागत नाही. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरवातीला दहा सेकंद कुणी काही बोलू नका, तो गप्प तुकडाच पुढं ओळख द्यायला लागतो. हे लोक हमखास विसरतात.

पण खरं औषध सांगू का, लाईट जाण्याची वाट बघा. थट्टा नाही करत. लाईट गेली की माग थांबले, शेजारचा टीव्ही थांबला, मोटर थांबली, फ्रिज थांबला, आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू. सोलापुरात एवढा मोठा स्टुडिओ दुसरा नाही. वर चार्जर काढलेला असतो त्यामुळं ती बारीक हम्म अशी गुणगुण पण जाते, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते आणि बऱ्याचदा चार्जरमधनंच शिरते. लॅपटॉप तेवढा नेहमी चार्ज करून ठेवा आणि लाईट गेल्यावर शिव्या देण्याऐवजी आज्जीला हाक मारा.

प्रश्न : मोबाइलचा हेडफोन कंप्युटरच्या गुलाबी भोकात घातला, माइक चालेना. कंप्युटर बिघडला का?

नाही. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळे कडे असतात, त्यात ऐकणं आणि बोलणं एकाच पिनेत कोंबलेलं असतं. डेस्कटॉपला ते वेगवेगळं लागतं, हिरव्यात ऐकायचं, गुलाबीत बोलायचं. मधे लावायला दोन शेपट्यांचा स्प्लिटर मिळतो, तो आणा. तरीही नाही चाललं तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन, तिथं परवानगी बंद आहे का बघा. निम्म्या वेळा तेच असतं, आणि आपण दुकानात जाऊन शंभर रुपये देऊन येतो.

प्रश्न : मी ऑडॅसिटीत वडिलांचं दोन तास बोलणं घेतलं, सेव्ह केलं, फाईल पुण्याच्या बहिणीला पाठवली. ती म्हणते उघडतच नाही. माझ्याकडं उघडतीय. आणि सेव्ह करताना एमपीथ्री ठेवू का वेव्ह? – एक मुलगा, विजापूर रोड

तुम्ही बहिणीला स्वयंपाकघर पाठवलं हो, ताट नाही पाठवलं.

ऑडॅसिटीत ‘सेव्ह प्रोजेक्ट’ म्हणजे काम अर्धवट ठेवून उद्या परत बसण्यासाठीची फाईल. ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते. दुसऱ्याला ऐकवायचं, फोनवर लावायचं, पेनड्राइव्हवर टाकून गाडीत ऐकायचं, तर ‘एक्स्पोर्ट’ करायचं. या एका शब्दाच्या फरकापायी मी स्वतः रडलेला माणूस आहे. आमचे मामा सोलापूरच्या ‘जुनी मिल’मधले, १८७७ सालापासूनची ती मिल, तिच्या भोंग्यावर अख्ख्या गावाचं घड्याळ चालायचं त्याच्या गोष्टी ते सांगायचे. त्या मी अडीच तास रेकॉर्ड केल्या. तेव्हाची ऑडॅसिटी प्रोजेक्ट सेव्ह केला की एक इवलीशी फाईल आणि शेजारी डेटाचा फोल्डर बनवायची, खरा आवाज त्या फोल्डरमध्ये असायचा. मी शहाण्यासारखा फाईल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली आणि कंप्युटर फॉरमॅट मारला. पेनड्राइव्हवर काय होतं, नुसतं मेन्यू कार्ड. मामा त्याच पावसाळ्यात गेले. २०२१ पासून नवीन ऑडॅसिटीत सगळं एकाच फाईलमध्ये येतं त्यामुळं हा घोळ आता होत नाही, पण एक्स्पोर्ट न करण्याचा घोळ लोक अजून घालतातच.

तर रेकॉर्डिंग थांबवलं की काही कापाकापी करायच्या आधी, खोकला काढायच्या आधी, लगेच वेव्ह मध्ये एक्स्पोर्ट करा. हे मूळ. याला परत हात लावायचा नाही. काय काटछाट करायचीय ती त्याच्या नकलेवर. वाटायला एमपीथ्री करा. एमपीथ्री फाईल लहान करायला आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं, आणि एमपीथ्री उघडून परत एमपीथ्री केलं की अजून टाकतं, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. वेव्ह काही टाकत नाही.

जागेची भीती मनातनं काढा. एकट्या माणसाचं बोलणं मोनोमध्ये घ्या, स्टिरिओची गरज नाही, वडिलांना तोंड एकच आहे. मोनो, ४४१०० हर्ट्झ, १६ बिट धरलं तर मिनिटाला सव्वापाच एमबीच्या आसपास, तासाला ३१७ एमबी. तुमचे दोन तास म्हणजे साडेसहाशे एमबी पण नाहीत, एखाद्या लग्नाचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट जागा खातो आणि तो कुणी परत बघत पण नाही. तेच ६४ केबीपीएसच्या मोनो एमपीथ्रीत तासाला २९ एमबी, बोलण्यासाठी तेवढं बहिणीला पाठवायला झकास.

ऑडॅसिटी जड वाटत असेल तर विंडोज ११ मधला साउंड रेकॉर्डर पण चालतो, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट वेव्ह करून घ्या म्हणजे झालं. (एक्सपीच्या काळात हाच रेकॉर्डर ६० सेकंदाला गपकन थांबायचा. माणूस वाक्याच्या मधे असायचा आणि हे थांबलेलं.) त्याच्या फायली डॉक्युमेंट्समधल्या साउंड रेकॉर्डिंग्ज फोल्डरमध्ये पडतात, कुठं गेल्या म्हणून शोधत बसू नका.

फाईलचं नाव ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ ठेवू नका, दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही ते काय आहे. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग कोण आणि कशाबद्दल. असं उलटं लिहिलं की फायली आपोआप क्रमानं लागतात. नाव देवनागरीत दिलं तरी कंप्युटरला चालतं, फक्त गाडीतल्या जुन्या प्लेयरवर चौकोन चौकोन दिसतील. आणि रेकॉर्डिंगच्या सुरवातीला तोंडानंच सांगा, आज अमुक तारीख, अमुक गाव, बोलणार कोण. फाईलचं नाव कुणी बदललं तरी आतला आवाज खरं सांगतो.

ठेवायचं कुठं, तर एक प्रत कंप्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. दुसऱ्या गावासाठी तुमची बहीण आहेच. पेनड्राइव्ह म्हणजे पोस्टमनची पिशवी, तिच्यात वस्तू न्यायची, ठेवायची नाही.

प्रश्न : वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, १७ कॅसेटी आहेत. टेप चालू आहे अजून. घरी कंप्युटरवर घेता येतील का, का बाहेर देऊ?

टेप चालू आहे ना, मग घरीच घ्या, पैशाचा नाही वेळेचा प्रश्न आहे. ९० मिनिटांची कॅसेट घ्यायला ९० मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही.

सगळ्यात आधी, अगदी टेपमध्ये घालायच्या आधी, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोट्या प्लॅस्टिकच्या जिभा असतात त्या मोडून टाका. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी टेप पुसली जात नाही. आमच्या लहानपणी याच भोकांवर चिकटपट्टी लावून आम्ही कुणाकुणाच्या कॅसेटींवर पिक्चरची गाणी भरलीत, आता त्याचा पश्चात्ताप होतो.

मग कॅसेट हातात उलटीसुलटी करून बघा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवू नका, टेपच्या हेडला पण लागते आणि पुढच्या कॅसेटीला पण. ती बाजूला ठेवा, तेवढीच जाणकाराकडं द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत सुटी होते. हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, दबका येणारा आवाज कितीदा नुसत्या पुसण्यानं उघडतो.

टेपच्या हेडफोनच्या भोकातनं ऑक्सची वायर काढायची आणि डेस्कटॉपच्या निळ्या भोकात घालायची, गुलाबी नाही. गुलाबी माइकचं, माइकचा आवाज फार बारीक असतो म्हणून तिथं तो कैक पट वाढवला जातो, त्यात टेपचा मोठा आवाज ओतला की पेटी भोंग्यासारखी फाटते. लॅपटॉपला निळं भोक बहुतेक नसतंच, तर लाइन इन (म्हणजे तेच निळं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपचा व्हॉल्यूम अगदी खालून सुरू करून वाढवत न्या. आणि टेपच्या स्पीकरसमोर माइक धरून रेकॉर्ड करू नका, त्यात वडिलांच्या पेटीपेक्षा तुमची खोली जास्त येईल.

भजनं सुटी करायचं काम नंतर, पाऊस पडायला लागला की. आधी १७ च्या १७ कॅसेटी सलग वेव्ह करून ठेवा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेल्या आईच्या व्हॉइस नोट कंप्युटरवर घेतल्या तर ओपस म्हणून काहीतरी आलंय, वाजत नाही.

व्हीएलसी प्लेयर टाका, वाजेल. ओपस हा आवाज लहान जागेत बसवण्याचा प्रकार आहे, बोलण्यासाठी उत्तम. मूळ ओपस फायली तशाच ठेवा, एमपीथ्री करून मूळ उडवू नका. आणि फोन बदलायच्या आधी हे करा, नंतर नाही.

प्रश्न : माइक बघितला की आजोबा पुस्तकासारखं बोलायला लागतात. न सांगता रेकॉर्ड करू का?

नका करू. सांगा, माइक लावा आणि मग दुसरंच काहीतरी विचारा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की कुणालाही आठवत नाही. गड्ड्याच्या जत्रेत पहिल्यांदा काय खाल्लं, घरात लाईट कधी आली, शेंगाचटणी कुटायची पाळी कुणाची असायची असलं विचारा. दहाव्या मिनिटाला माइक विसरतात. आणि रेकॉर्डिंग संपलं म्हटल्यावर लगेच बंद करू नका, चहा येईपर्यंत चालू राहू द्या, हे पण आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : डेस्कटॉप आहे, इन्व्हर्टर नाही. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर सगळं गेलं का?

बहुतेक वेळा नाही. ऑडॅसिटी रेकॉर्डिंग चालू असतानाच डिस्कवर लिहीत असते. लाईट आल्यावर परत उघडली की ती विचारेल अर्धवट प्रोजेक्ट परत आणू का, हो म्हणा. शेवटची काही सेकंदं जातील, बाकीचं येतं. आलं की आधी वेव्ह एक्स्पोर्ट करा, मग पुढं बोला. लाईट परत जाऊ शकते की.